मापाचा झगा

हे पुस्तक एका साध्या झग्याचं आहे. गोल कॉलर, फुग्याची बाही, कमरेला चुण्या, पाठीवर बटणं आणि मागं गाठ मारायला दोन पट्टे. जिल्हा परिषदेच्या शाळेचा कुठलाही जुना वर्गफोटो काढून बघा. पुढच्या रांगेत मांडी घालून बसलेल्या मुलींच्या अंगावर परकर-पोलकं तरी असतं, नाही तर हा झगा. कुणी त्याला फ्रॉक म्हणे, पण देगलूरकडच्या घरांत झगाच.

आता त्याला रेट्रो म्हणतात. मोठ्या शहरांतल्या दुकानांत याच कापणीचे, मोठ्या बायकांच्या मापाचे ड्रेस टांगलेले दिसतात. देगलूरला माझ्याकडे शिवण शिकायला येणाऱ्या मुली मोबाइलवर फोटो दाखवून विचारतात, "मॅडम, असा जुन्या टाईपचा जमंल का?" जमतो की. थोडे तुकडे, थोड्या शिलाया, एवढंच त्याचं काम. पण फोटोकडे बघून शिवलेला झगा आणि जुन्या नमुन्यावरून शिवलेला झगा शेजारी ठेवले, तर फरक लगेच कळतो. पहिला नुसता दिसायला तसा असतो. दुसरा अंगावर बसतो, धुण्यात टिकतो आणि कापडही कमी खातो.

या प्रस्तावनेत मला एकच गोष्ट पटवून द्यायची आहे. जुन्या नमुन्यात फॅशन शोधायला जाऊ नका, हिशेब शोधा. कापड किती होतं, त्याचा पन्हा किती होता, धुतल्यावर ते किती आटणार होतं, लेकरू किती वाढणार होतं आणि झगा पुढं कुणाच्या अंगावर जाणार होता, याचा सगळा जमाखर्च त्या कापणीत मांडलेला असतो. तो वाचता आला की झगा आपोआप जमतो. पुढची सगळी प्रकरणं हे वाचन शिकवण्यासाठी आहेत.

आधी नमुन्याचं बघू. पाश्चात्य देशांत घरी शिवणारी बाई दुकानात जाऊन कागदी पॅटर्नचं पाकीट विकत आणते. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या स्टर्लिंग गावच्या एबेनेझर बटरिक या शिंप्यानं 1863 मध्ये वेगवेगळ्या मापांचे कागदी नमुने विकायला काढले. जेम्स मॅकॉल यांची कंपनी 1870 ची, सिम्प्लिसिटी 1927 ची. सुरुवातीच्या नमुन्यांवर काहीही छापलेलं नसे. पातळ कागदाला भोकं पाडलेली असत. कुठलं भोक कशाचं, हे सोबतच्या पत्रकावरून ओळखायचं. 1952 साली बटरिकनं 'वॉक-अवे' नावाचा एक ड्रेस काढला. सकाळी शिवायला घ्या आणि दुपारच्या जेवणाला घालून जा, अशी त्याची जाहिरात. मागून पुढं आणि पुढून मागं गुंडाळायचा, जवळजवळ एकाच मोठ्या तुकड्याचा तो ड्रेस इतका खपला, की आज सत्तरहून अधिक वर्षांनंतरही त्याचा नमुना पुन्हा छापून विकला जातो आणि जगभरच्या हौशी बाया पहिला रेट्रो ड्रेस म्हणून तोच शिवतात.

आपल्याकडे अशी पाकिटं घरोघर कधी गेली नाहीत. आपला शिंपी अंगाचं माप घेतो, वहीत आकडे टिपतो आणि खडूनं थेट कापडावर आखतो. छातीचा चौथा हिस्सा, त्यात एवढी ढील, मुंढा एवढा खाली, गळा एवढा खोल, हे सगळं त्याच्या डोक्यात. मुंबईच्या झारापकरांनी हेच डोक्यातलं गणित पुस्तकात उतरवलं. 'झारापकर सिस्टिम ऑफ कटिंग' हे पुस्तक मराठी, हिंदी आणि इंग्रजीतून शिवणवर्गांत इतकं फिरलं, की तालुक्याच्या गावी शिवण शिकलेल्या बाईनं ते वाचलं नसेल तरी तिच्या बाईंनी वाचलेलं असतंच. पण तेही सूत्रांचं पुस्तक. तयार नमुना त्यात मिळत नाही; माप टाकून तो आपणच काढायचा.

मग आपला जुना नमुना कुठला? मापाचा कपडा. आजही बाई शिंप्याकडे जाते तेव्हा पिशवीतून नव्या पिसाबरोबर एक जुनं ब्लाऊज काढते आणि म्हणते, "हे मापाचं, याच्यासारखं शिवा." हे मापाचं ब्लाऊज चांगल्यातलं नसतं. अंगावर नीट बसलेलं, रंग उडालेलं, पण आकार न सोडलेलं असं एक बायका बाजूला ठेवून देतात. मुलींच्या झग्याचंही तसंच. थोरलीचा झगा धाकटीचं माप व्हायचा, तिचा पुढच्या पिढीतल्या भाचीचं. या पुस्तकातला नमुना अशाच मापाच्या झग्यावरून काढलेला आहे. तुमच्या घरच्या ट्रंकेत, गाठोड्यात किंवा गोधडीच्या आतल्या थरात तसा एखादा असेल, तर तो आमच्या नमुन्यापेक्षा मोलाचा. तोच वापरा, पद्धत इथली घ्या.

देगलूरचा उल्लेख पुढं वारंवार येणार आहे, तेव्हा गावाचं थोडं सांगते. नांदेड जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, लेंडी नदीच्या काठचं हे तालुक्याचं ठिकाण. एका अंगाला तेलंगण, दुसऱ्या अंगाला कर्नाटकाचा बिदर जिल्हा. सप्टेंबर 1948 पर्यंत गाव निजामाच्या राज्यात होतं. 1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्यपुनर्रचना झाली, तेव्हा नांदेड जिल्हा मुंबई राज्यात आला. पण देगलूर तालुक्यातली बिचकुंदा आणि जुक्कल ही दोन मंडळं आंध्र प्रदेशात गेली. सरकारी नकाशावर रेघ पडली तरी सोयरीक आणि बाजार तसेच राहिले. म्हणून इथल्या शिवणकामात तीन-चार भाषा एकमेकींत मिसळलेल्या आहेत. अस्तर, गज हे शब्द फारसीतून आले. खणाचं कापड कर्नाटकातल्या गुळेदगुड्डहून आलं. सीमेपलीकडच्या गावांतली गिऱ्हाइकं तेलुगूत माप सांगत आणि शिंपी ते मराठीत लिहून घेई.

हा मुलूख कापसाचाही आहे. काळ्या जमिनीतला गावरान कापूस नांदेडच्या बाजारात येई, नांदेडला उस्मानशाही मिल होती, आणि पुढं नांदेडच्याच कापूस संशोधन केंद्रातून 'नांदेड-44' हा संकरित वाण देशभर गेला. तरीही कापूस पिकवणाऱ्या घरातल्या लेकराला कापड मोजूनमापूनच मिळायचं. वर्षातून दोनदा कापड यायचं, जूनमध्ये शाळेसाठी आणि दिवाळीला. दिवाळीचं कापड बऱ्याचदा एकाच ताग्यातलं. तिन्ही बहिणींचे झगे त्याचे, भावाचा सदरा त्याचा आणि उरलंच तर उशीचा अभ्रासुद्धा त्याचाच. जुन्या फोटोंत सगळी भावंडं एकाच छिटातली दिसतात त्याचं कारण हे. 1972 च्या दुष्काळात तर नवं कापड ही चैनच झाली. झग्याची कापणी या ओढगस्तीतून घडलेली आहे.

शिंप्याच्या ओट्यावर एक वाक्य हमखास ऐकू यायचं: "मामा, वाढत्या अंगाचं शिवा." पोर अंगानं भरतंय, उंच होतंय, तेव्हा आजच्या मापात शिवलं तर पुढच्या दिवाळीला घालायचं काय, असा त्याचा अर्थ. मामाही मान डोलावून टेप आपल्या दोन बोटांवरून धरायचा. टेप आणि लेकराचं अंग यांच्यामध्ये ती दोन बोटं असायची, तेवढी ढील. कुठल्याही पुस्तकात हे माप आकड्यांत दिलेलं नाही, पण मापाचा झगा उलटून बघितला की सापडतं. बगलेखालच्या शिलाईत आत एकेक इंच कापड दुमडून ठेवलेलं असतं, खालची दुमड चार-चार इंचांची असते, आणि कमरेच्या चुण्यांत पुढच्या दोन वर्षांचा घेर गोळा करून ठेवलेला असतो.

आता हा हिशेब एका झग्यावर करून दाखवते, म्हणजे माझं म्हणणं नुसतं बोलणं राहणार नाही. सहा-सात वर्षांची मुलगी घ्या. छाती 24 इंच, झग्याची पुरी उंची 24 इंच. जुनं पॉपलिन किंवा छीट यायचं 36 इंची पन्ह्याचं. वर अंगाचा भाग 10 इंच, खाली घेराचा 14. घेरासाठी पन्ह्याचे आख्खे दोन तुकडे घ्यायचे. 14 इंच उंची, 4 इंच खालची दुमड, 1 इंच वरची-खालची शिलाई, मिळून 19. दोन तुकड्यांचे 38 इंच झाले. अंगाचा भाग 10 अधिक शिलाईचे 2, म्हणजे 12 इंच. त्यात पुढचा भाग 16 इंच रुंद आणि मागचे दोन भाग बटणपट्टीसह 9-9 इंचांचे. बेरीज 34, पन्हा 36. अगदी बसतंय. दोन बाह्या, प्रत्येकी 14 इंच रुंद आणि 7 इंच उंच, शेजारी शेजारी 28 इंचांत बसतात. बाजूला 8 इंचांचा जो चौकोन उरतो त्यात कॉलरची वरची दोन पानं. खालची पानं घरातल्या पांढऱ्या मांजरपाटाची. एकूण झाले 57 इंच.

बाजारात कापड मागायचं ते पावणेदोन वार, म्हणजे 63 इंच. उरले 6 इंच. ही 6 इंचांची पन्हाभर पट्टी मधोमध कापली की दोन पट्टे, प्रत्येकी 3 इंच रुंद आणि 36 इंच लांब. मागं गाठ मारायला तेवढेच लागतात. कात्रीखाली उरलं काय, तर मुंढ्याच्या आणि गळ्याच्या चंद्रकोरी. पट्टे सजावटीसाठी लावले असं आपल्याला वाटतं. खरं तर ते उरलेल्या कापडाचे आहेत, आणि शिवाय कामाचे. ढिला शिवलेला झगा कमरेत आवळून धरायचं काम तेच करतात. लेकरू वाढलं की गाठ सैल होते, बस्स.

याच हिशेबात आणखी एक खुबी आहे. घेराला आख्खा पन्हा घेतल्यामुळं बाजूच्या शिलाईत कापडाचे दोन्ही काठ समोरासमोर येतात. काठाचे धागे सुटत नाहीत, म्हणून तिथं काहीच करावं लागत नाही. इंटरलॉकचं मशीन गावात नव्हतं तेव्हा जुन्या शिंप्यानं ही शिलाई फुकटात पक्की करून घेतली होती. आजच्या शिकाऊ मुली घेर सुबक करायच्या नादात कळ्या कापतात, काठ घालवतात आणि मग चारी बाजूंना इंटरलॉक मारत बसतात. कळ्यांचा झगा दिसतो छान, पण त्याचं कापड आणि त्याची मेहनत वेगळी. तो या पुस्तकात नाही.

जुने शिंपी आणि वयस्कर बायका 'गिरा' म्हणतात तेव्हा गोंधळू नका. सोळा गिऱ्यांचा एक गज किंवा वार, म्हणजे एक गिरा सव्वादोन इंचांचा. वरचे पावणेदोन वार म्हणजे 28 गिरे. 1956 च्या कायद्यानं मीटर आला आणि पुढच्या काही वर्षांत दुकानदाराची लाकडी पट्टी बदलली, पण शिंप्याचा टेप आजही इंचांतच वाचला जातो. म्हणून या पुस्तकात मापं इंचांत दिली आहेत आणि कापडाची खरेदी मीटरमध्ये. 63 इंच म्हणजे एक मीटर साठ सेंटिमीटर.

आजच्या खरेदीत एक अडचण येते ती इथंच सांगून ठेवते. आता सुती कापडाचा पन्हा बहुतेक 44 इंचांचा मिळतो. जुन्या नमुन्यावर लिहिलेलं कापड डोळे मिटून घेतलं आणि दोन्ही पन्हे घेराला लावले, तर 88 इंचांच्या चुण्या 26 इंचांच्या कमरेत कोंबाव्या लागतात. कमरेला गाठोडं बांधल्यासारखं होतं आणि मशीनची सुई त्या जाडीत अडते. उपाय सोपा आहे. दोन्ही तुकडे 36 इंचांवर आणा आणि बाजूला निघणाऱ्या 8 इंची पट्ट्यांतून बाह्यांचे कफ आणि कमरेचे पट्टे काढा. म्हणजे लांबीत तेवढं कापड कमी लागेल. जुना शिंपी असता तर त्यानं हेच केलं असतं. नमुना पाळणं म्हणजे आकडे पाळणं नव्हे, त्यामागचा हिशेब पाळणं.

मुलं साधारण पाच ते दहा वर्षांच्या वयात वर्षाला पाच-सहा सेंटिमीटरनं वाढतात. चार इंचांची दुमड दोन टप्प्यांत उसवली की झग्याची उंची दोन-तीन वर्षं पुरते. उसवल्यावर जुन्या घडीची रेघ दिसते, कारण घडीच्या वरचं कापड उन्हानं विटलेलं असतं आणि आतलं कोरं. ती रेघ झाकायला नागमोडी लेस लावत. जुन्या झग्यांच्या खालच्या घेराला लेसच्या एकावर एक दोन-तीन ओळी दिसतात, त्या बऱ्याचदा हौसेच्या नसून वयाच्या असतात. आधी आवळतो तो मुंढा. तिथं उसवायला काही ठेवता येत नाही, म्हणून जाणता शिंपी मुंढाच अर्धा इंच खोल कापायचा. आजच्या तयार फ्रॉकचा मुंढा लहान आणि नेटका असतो. तोच जुन्या पद्धतीच्या झग्याला लावला, तर सहा महिन्यांत लेकरू हात वर करताना तक्रार करतं.

अंगाला झगा होईनासा झाला की तो धाकटीकडे, तिच्याकडून चुलतबहिणीकडे, मग त्याची पिशवी, आणि शेवटी वाकळेच्या थरात. म्हणूनच नमुना शोधायला मी वाकळ उसवायला सांगते. वरच्या थराखाली कधीकधी आख्खा पुढचा भाग, मुंढ्याच्या गोलाईसकट, तसाच टाके घालून ठेवलेला मिळतो.

मापाचा झगा मिळाला की त्यावरून कागद कसा काढायचा, हे तिसऱ्या प्रकरणात सविस्तर आहे. इथं त्यातलं मर्म तेवढं सांगते. झगा उसवायचा नाही. आधी धुऊन, खळ न घालता, ओलसर असतानाच इस्त्री करायची. खाली जाड सतरंजी, तिच्यावर कागद, कागदावर झगा. उभा धागा कागदावरच्या सरळ रेघेशी जुळवून टाचण्या लावायच्या. हे चुकलं की पुढचं सगळं तिरकं जातं. मग शिलाईच्या ओळीवरून टाचणीनं टोचत जायचं, म्हणजे खालच्या कागदावर ठिपके उमटतात. ठिपके जोडले की अर्धा भाग तयार. दुसरा अर्धा मोजायचाच नाही, कागद दुमडून कापायचा. डावा-उजवा दोन्ही मोजले तर फरक दिसेल, कारण वापरात कापड एका बाजूला ओढलेलं असतं. चुण्यांचा भाग टोचून निघत नाही. तिथं काठापासून काठापर्यंत रुंदी मोजायची. आणि गळा कधीच झग्यावरून घ्यायचा नाही. गळ्याचं कापड तिरकं पडतं, वर्षानुवर्षं ताणलं जातं आणि मूळ मापापेक्षा मोठं होऊन बसतं. गळा लेकराच्या मानेवरून घ्या.

आटण्याचंही लक्षात ठेवायला हवं. मापाचा झगा धुऊन आटलेला असतो, तुमचं कापड कोरं असतं. अमेरिकेत सॅनफर्ड क्लुएट यांनी 1930 च्या सुमारास आधीच आटवून ठेवलेलं कापड बनवायची युक्ती काढली. सॅनफोराइज्ड हा शब्द त्यांच्या नावावरून आला. पण आपल्या घरांतली युक्ती त्याहून जुनी आणि बिनखर्चाची. कोरं कापड रात्रभर पाण्यात भिजत घालायचं, सकाळी न पिळता सावलीत वाळवायचं, मगच कात्री लावायची. हातमागाच्या आणि मांजरपाटासारख्या कापडाला हे केलंच पाहिजे.

काही वाचक परदेशी जुन्या नमुन्यांकडेही वळतील. आता ते मोबाइलवर विकत मिळतात आणि झेरॉक्स सेंटरमध्ये छापता येतात. पंचवीस-तीस कागद चिकटवले की नमुना तयार. छापताना पहिल्या पानावरचा तपासणीचा चौकोन पट्टीनं मोजा. तो सांगितल्यापेक्षा जरा जरी लहान आला, तर प्रिंटरनं पान आपोआप आकसून छापलंय असं समजा आणि सगळं पुन्हा छापून घ्या. दुसरी गोष्ट मापांच्या नंबरांची. तिकडच्या कंपन्यांनी 1967 च्या सुमारास मापांचे नंबरच बदलले. त्याआधी काही वर्षं 34 इंच छातीला 14 नंबर म्हणत, नंतर तीच छाती 12 नंबरची झाली. म्हणून जुन्या पाकिटावरचा नंबर बघूच नका, छातीचे इंच बघा. तिसरी गोष्ट, ते नमुने आतून घट्ट कपडे घालणाऱ्या, आवळलेल्या कमरेच्या बायकांसाठी काढलेले होते. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तो ड्रेस दुपारभर अंगावर ठेवायचा असेल, तर कमरेला दीड-दोन इंचांची ढील आपण वाढवायची आणि अस्तर काढून टाकायचं. एप्रिल-मे महिन्यात देगलूरला अस्तर लावून बसणं म्हणजे शिक्षा आहे.

मोठ्या बाईच्या मापाचा झगा सहाव्या प्रकरणात आहे. तिथं लहान मुलीचा नमुना नुसता मोठा करून चालत नाही. छातीला टक्स घालावे लागतात, बटणं पाठीवरून पुढं आणावी लागतात, आणि चुण्या समोर पोटावर कमी, बाजूंना जास्त अशा वाटून घ्याव्या लागतात. वाढत्या अंगाची सोय मात्र तशीच ठेवली आहे. बाईचं अंगही वर्षानुवर्षं एकसारखं राहत नाही, आणि बाळंतपणानंतर तर एक इंच मार्जिनची किंमत कळतेच.

हे सारं टेरीकॉट आल्यावर मागं पडत गेलं. टेरीकॉट आटत नव्हतं, विटत नव्हतं, इस्त्री मागत नव्हतं. म्हणून वाढवून ठेवायची, भिजवायची, लेस लावून रेघ झाकायची गरजच वाटेना. 1973 च्या 'बॉबी' चित्रपटानंतर मुलींना ठिपक्यांचे, अंगाला बसणारे कपडे हवे झाले. मग हैदराबाद आणि मुंबईचे तयार फ्रॉक आठवडी बाजारापर्यंत पोचले. तयार फ्रॉकच्या शिलाईत पाव इंच मार्जिन असतं आणि खालची दुमड अर्ध्या इंचाची. कारखान्यात लाखो फ्रॉक एकदम कापताना प्रत्येकातला एक इंच वाचवला, तर तेवढा नफा. कापडाचा हिशेब तिथंही कडकच असतो, पण वाचलेलं कापड कारखान्याच्या खात्यात जमा होतं. जुन्या झग्यात ते लेकराच्या खात्यात असायचं.

शिवणकाम हे बायकांना घरबसल्या चार पैसे देणारं काम आहे, हे आपल्याकडे फार आधी ओळखलं गेलं. रमाबाई रानडे यांच्या पुढाकारानं 1909 मध्ये उभ्या राहिलेल्या पुण्याच्या सेवासदनात शिवणाचे वर्ग होते. यंत्रांवर टीका करणाऱ्या गांधीजींनीही 1924 मध्ये बोलताना शिलाई मशीनला अपवाद केलं होतं; बायकोचे कष्ट बघून सिंगरनं ते बनवलं, असं ते कौतुकानं म्हणत. कोलकात्यात 1930 च्या दशकात उषा मशीन बनू लागलं आणि हातमशीन, पायमशीन खेड्यांत पोचली. जिल्हा परिषदांनी महिलांना मशीन वाटली, शिवणवर्ग निघाले. 2023 मध्ये 17 सप्टेंबरला, म्हणजे मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनीच, सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतल्या अठरा व्यवसायांत शिंपीकामही आहे. तरीही वर्ग करून मशीन मिळवलेल्या बहुतेक बाया आज करतात काय? फॉल-पिको, ब्लाऊज आणि चेन बदलणं. कापायचं धाडस त्यांना होत नाही, कारण कापड वाया गेलं तर भरून कोण देणार? हिशेब पक्का असला की हे धाडस येतं. माझ्या वर्गातल्या मुलींसाठी हे पुस्तक आधी लिहिलं, ते एवढ्यासाठीच.

मराठवाड्याला या कामाचं वावडं कधीच नव्हतं. ज्यांच्या नावानं शिंपी समाज स्वतःची ओळख सांगतो, ते संत नामदेव हिंगोली जिल्ह्यातल्या नरसीचे. त्यांची 61 पदं शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात आहेत, आणि त्या ग्रंथाला 1708 मध्ये गुरुपद दिलं गेलं ते आमच्या नांदेडला. शिंप्याच्या घरातला माणूस कुठवर पोचू शकतो, हे सांगायला आम्हाला दूरचं उदाहरण शोधावं लागत नाही.

पुस्तक कसं वापरायचं ते आता सांगते. पहिली दोन प्रकरणं कापड ओळखण्याची आहेत: पन्हा, उभा-आडवा धागा, काठ, खळ, आटणं. ती वगळून तिसऱ्यावर उडी मारू नका. चौथ्यात लहान मुलीच्या झग्याची कापणी, पाचव्यात शिवण, सहाव्यात मोठ्या मापाचा झगा आणि शेवटच्या प्रकरणात दुरुस्ती: उसवणं, वाढवणं, लेस लावणं, मुंढ्याला जोड देणं. पहिला झगा मांजरपाटाचा शिवा. स्वस्त पडतो, चूक लगेच दाखवतो आणि नंतर कॉलरच्या अस्तराला कामी येतो. टू-बाय-टू रुबिया, वायल, खण यांच्याकडे त्यानंतर वळा. खणाचा झगा देखणा होतो, पण त्याचा पन्हा आणि जाडी वेगळी, म्हणून चुण्यांऐवजी रुंद प्लेटा घाला. टेरीकॉटवर शिकू नका. ते बोटांखाली सरकतं आणि शिकणाऱ्याला आपलाच हात वाईट आहे असं वाटू लागतं.

शेवटची विनंती नमुन्याच्या कागदाबद्दल आहे. झगा शिवून झाला की कागद घडी घालून ठेवालच. ठेवण्याआधी त्याच्यावर पेननं पाच गोष्टी लिहा: कुणाच्या अंगाचं माप, कुठल्या वर्षी, कापडाचा पन्हा, कापड किती लागलं आणि मार्जिन कुठं किती ठेवलं. जुन्या मापाच्या झग्यांवर हे काहीच लिहिलेलं नसतं, म्हणून आम्हाला शिलाया मोजून ते ओळखावं लागलं. तुमच्यानंतर जी कुणी हा कागद उघडेल तिच्या हातात वेगळ्या पन्ह्याचं कापड असेल आणि समोर वेगळ्या अंगाचं लेकरू. या पाच गोष्टी मिळाल्या तर ती तुमचा झगा जसाच्या तसा उतरवणार नाही. आपला हिशेब करून आपला झगा बेतेल. जुना नमुना सांभाळायचा तो एवढ्यासाठी.